पट्टे कुठून सुरू होतात

आमच्या गल्लीला पाणी सोडणारा माणूस म्हणजे चावीवाले. त्यांचं खरं नाव कामावरच्या हजेरीत असेल, आम्हाला कधी लागलं नाही. व्हॉल्व्ह फिरवायची कमरेइतकी लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते पहाटे साडेचारला बाहेर पडायचे. व्हॉल्व्ह जमिनीखालच्या खड्ड्यात असतात, वर झाकण. आत गारवा, ओल आणि बेडूक, म्हणजे सापांची चैनच. चोवीस वर्षं झाकणं उचलून उचलून या माणसाला साप कळायला लागले. गल्लीतले टवाळ म्हणायचे, "चावी यांच्याकडे आहे, म्हणून साप यांना चावत नाहीत." विनोद फालतू होता, पण चावीवाले दर वेळी नव्याने ऐकल्यासारखे हसायचे.

मी त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहते, शिवणकाम करते. तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. एकदा परकराच्या नाडीला साप समजून मी अख्खी गल्ली गोळा केली होती. चावीवाल्यांनी ती नाडी उचलून घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बिनविषारी आहे." त्यानंतर महिनाभर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

मागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची थोरली बहीण. तिला सगळे ताईच म्हणायचे. आई गेली तेव्हा चावीवाले सहा वर्षांचे होते, ताई सतराची. तिने लग्न केलं नाही. का केलं नाहीस, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मग याला जेवायला कोणी घातलं असतं?" भाऊ पन्नाशीला टेकला तरी तिच्यासाठी तो बारक्याच.

कुणाच्याही घरात साप निघाला की चावीवाल्यांना फोन. जवळपास असले तर स्वतः यायचे. पाणी सोडायच्या वेळी मात्र व्हॉल्व्ह सोडून हलता यायचं नाही. सहा गल्ल्या नळाखाली बादल्या लावून बसलेल्या. मग ते फोनवरच विचारायचे. काळा साप, अंगावर पांढरे आडवे पट्टे, असं कुणी सांगितलं की त्यांचा आवाज बदलायचा. कारण असे दोन असतात. मण्यार आणि कवड्या. मण्यार जीव घेते. कवड्या चावतो, पण त्याने काही होत नाही. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक, शेपटीकडे पुसट. मण्यारीचं उलटं, मानेपाशी पट्टे जवळपास नाहीतच, शेपटीकडे ठळक. म्हणून त्यांचा प्रश्न ठरलेला होता, "पट्टे सुरुवातीला ठळक आहेत की शेवटी?" या एका प्रश्नावर त्यांनी किती घरं निर्धास्त केली असतील.

त्या दिवशी पहाटे साडेपाचला ताईने मोरीतला दिवा लावला आणि बादलीखालच्या पाटाशी तिला साप दिसला. तिने बारक्याला फोन केला. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"सुरुवातीला ठळक आहेत," ताई म्हणाली. "मग पुसट होत गेलेत."

"कवड्या आहे. झाडूने मागच्या दाराबाहेर लोट."

ताईने पाट हाताने उचलला. कवड्याच तर होता. त्याला बाहेर लोटता लोटता तिच्या करंगळीला काहीतरी टोचलं. तिने बोट साबणाने धुतलं आणि दळण निवडायला बसली.

आठ वाजता तिने मला ते बोट दाखवलं. रक्त नाही, सूज नाही, टाचणी टेकल्यासारखा ठिपका. "कवड्या चावला. डास तरी बरा," असं म्हणून ती हसली. पोट जरा दुखतंय, असंही म्हणाली. मी मशीनवरून मानसुद्धा नीट वर केली नाही. "चावीवाल्यांनी सांगितलंय ना, मग झालं," असं मी म्हणाले. आयुष्यात इतकं अघळपघळ बोलले, पण हे एक वाक्य मला परत गिळता आलं तर बाकीची जीभ मी कापून देईन.

दहाला चावीवाले आले. ताई दारातच बसली होती. डोळे उघडे ठेवायला ती कपाळ वर ओढत होती, तरी पापण्या खाली येत होत्या. त्यांनी ते फाटकातूनच पाहिलं. खांद्यावरची चावी फरशीवर पडली. त्यांनी बहिणीला उचललं आणि रिक्षाकडे धावले. मीही मागोमाग चढले.

रिक्षात त्यांनी तिचा हात हलणार नाही असा मांडीवर धरून ठेवला आणि हळूच विचारलं, "ताई, कुठून बघितलंस तू?"

तिची जीभ जड झाली होती. "डोकं पाटाखाली होतं. शेपूट बाहेर. मला दिसलं तिथून... सुरुवात."

मला तेव्हाही उलगडलं नव्हतं. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि उलगडलं. ताईने शेपटीला सुरुवात म्हटलं होतं, म्हणजे मोरीतला साप मण्यार होता. चोवीस वर्षांत 'मानेकडे' असा सरळ शब्द त्यांनी प्रश्नात घातलाच नव्हता, कारण सापाची सुरुवात कुठे हे सांगायला लागतं, असं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बरोबर सांगितलंस तू, ताई," ते म्हणाले.

दवाखान्यात इंजेक्शनं दिली, श्वासाचं यंत्र लावलं. डॉक्टर म्हणाले, तीन-चार तास आधी आणायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी ताई गेली.

आता फोन आला की चावीवाले काहीच विचारत नाहीत. "लांब उभे राहा, आलो," एवढंच म्हणतात, व्हॉल्व्ह बंद करतात आणि सायकलवर बसतात. सहा गल्ल्यांचं पाणी मध्येच जातं. वरपर्यंत तक्रारी गेल्या, दोनदा पगार कापला. आमच्या गल्लीत मात्र नळ मध्येच कोरडा पडला की कुणी बोलत नाही, कोणाकडे साप निघाला असेल म्हणून गप्प बसतात.

गेल्या महिन्यात माझ्याकडे निघाला. कापडांच्या गठ्ठ्यामागे, काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा. ह्या वेळी नाडी नव्हती. मी फोन केला आणि टेबलावर चढून बसले. दहा मिनिटांत ते आले. काठीने एक एक कापड बाजूला करत त्यांनी साप मानेपासून शेपटीपर्यंत पाहिला. मग परत शेपटीपासून मानेपर्यंत पाहिला.

"कवड्या आहे," ते म्हणाले.

त्याला बरणीत घेऊन झाकण लावलं, तरी ते उठेनात. बरणी मांडीवर घेऊन जमिनीवरच बसले. मी खाली उतरून त्यांच्या शेजारी बसले. तिकडे पाणी बंद होतं.

"त्या दिवशी हा यायला हवा होता," ते म्हणाले.