न उलटलेली चिठ्ठी

बाइंडरकाका स्वतःच्या घरात चवड्यांवर चालतात, हे आमच्या इमारतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाहेर चारचौघांसारखे, उंबरठा ओलांडला की मांजर. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा असं नव्हतं. तेव्हा ते शीळ घालत दोन-दोन पायऱ्या गाळून धाडधाड जिना चढायचे आणि दारातूनच ओरडायचे, “राणीसरकार, नोकर आलाय!” काकू आतून म्हणायच्या, “नोकराने आधी हात धुवावेत, कोपरापर्यंत खळ लागलीय.” आम्ही बायका हसायचो. मी हसता हसता हेवाही करायचे.

एकोणीस वर्षांपूर्वी ते एकाएकी मिटले. शीळ गेली, प्रार्थनेला येणं गेलं. काकूंशी सरळ बोलणं बंद. काही सांगायचं तर तिसऱ्याच्या तोंडून. “तिला म्हणावं, चहा नको.” मूलबाळ नाही म्हणून मन विटलं असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. काकूंनीही.

खरं कारण मला आज कळलं. डाळ चुलीवर अर्धी शिजून पडली आहे, पण हे लिहून काढल्याशिवाय मला काही सुचणार नाही.

आमच्या तळमजल्यावरच्या प्रार्थनेच्या खोलीत एक लाकडी पेटी आहे. देवाला जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, आणि पेटीत टाकायचं. महिनाअखेरीस एकाने सगळ्या चिठ्ठ्या मागच्या अंगणात न वाचता जाळायच्या. पेटीला कुलूप नाही. ते लावावं असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही. हे काम अकरा वर्षं बाइंडरकाकांकडे होतं, मग वरच्या मजल्यावरच्या घड्याळजींकडे गेलं. घड्याळजी आता लेकाकडे राहायला गेले, आणि परवा सर्वांनी ते माझ्यावर सोपवलं. इतक्या जणींत मीच! त्याच तोऱ्यात आज सकाळची कामं आटोपून मी काकांकडे गेले, म्हटलं, जाणत्याला विचारून घ्यावं.

पुढच्या खोलीत त्यांचं काम चालू होतं. वाचनालयाचा एक जाडजूड शब्दकोश उसवून पुढ्यात पडला होता आणि ते त्याची पानं जुळवून शिवत होते. काकू गच्चीवर कपडे आणायला गेल्या होत्या.

“काका, चिठ्ठ्या कशा जाळायच्या? एकदम की थोड्या थोड्या?”

त्यांनी सुई खाली ठेवली. “तुला दिलं का ते काम? नको घेऊस.”

“का हो?”

“वाचशील.”

“इश्श! मी कशाला वाचू? देवाचं टपाल ते.”

“मीही असाच फुशारक्या मारायचो,” ते म्हणाले. “अकरा वर्षं एका चिठ्ठीची घडी मोडली नाही. मग एका दुपारी एक आपणच उघडी पडली. मान वळवता आली असती. नाही वळवली. ती वाचली, आणि मग पेटी मांडीवर घेऊन सगळ्याच वाचल्या. अगं, रोज ज्यांच्या शेजारी हात जोडून बसायचो ना, ती माणसं! कुणाला सासऱ्याचा श्वास थांबायला हवा होता. कुणाला सख्ख्या बहिणीचं लग्न मोडायला. त्यानंतर मला कुणाच्या जोडलेल्या हातांकडे बघवेना.”

मला कानकोंडं झालं. म्हटलं, “जाऊ द्या, माणसं रागाच्या भरात लिहितात.”

“शेवटची हिची होती.”

“काकूंची?”

“‘देवा, ह्यांच्या पावलांचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो. मला यातून सोडव.’ पाठ आहे मला. त्या दिवसापासून पाऊल वाजवलं नाही मी घरात. निदान तेवढा तरी त्रास नको हिला.”

ती चिठ्ठी माझी होती.

त्या वर्षी आमच्या ह्यांचा राग असा होता की जिन्यात पाऊल वाजलं तरी मी भांडी आवरायला लागायचे, ह्यांना फेकायला हाताशी काही नको म्हणून. पुढे वयाबरोबर तो ओसरला. पण तेव्हाचं मी माहेरीसुद्धा बोलले नव्हते. एकट्या देवाला सांगितलं होतं.

“पण काका, ती काकूंची कशावरून?”

“कागद माझ्या घरचा. पुस्तकांच्या कडा कापल्या की उरतात त्या पट्ट्या. अक्षर तुझं. हिला लिहिता येत नाही, हिच्या चिठ्ठ्या तूच लिहायचीस. आता तोंडावर नाही म्हणू नकोस.”

पट्ट्या काकू आम्हा सगळ्या जणींना वाटायच्या, हे काकांना कधी ठाऊकच नव्हतं. आणि माझ्यावर संशय जाणार तरी कसा? “आमचे हे म्हणजे देवमाणूस” असं मीच जिन्याजिन्यातून सांगत फिरायचे.

खोटं कशाला लिहू, क्षणभर वाटलं की गप्प बसावं. एकोणीस वर्षं गेलीच आहेत. ह्यांची अब्रू, माझी अब्रू, लेकीचं सासर. उठावं, “येते हं” म्हणावं आणि घरी जाऊन डाळ बघावी. मी उठलेही. पण पाय दाराकडे वळेनात.

“काका, ती माझी होती. माझ्या घरची.”

ते हसले. “चांगली आहेस गं पोरी. हिच्यासाठी स्वतःच्या नवऱ्यावर घेतेस?”

“देवाशपथ. मागच्या बाजूलाही लिहिलं होतं मी. ‘लेक झोपेतून दचकून उठते.’ तुमच्या घरी कुठली लेक?”

काकांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे बदलले. “शाई फुटली होती मागून,” ते हळूच म्हणाले. “दिसत होतं, मागे काहीतरी आहे. मला वाटलं, अजून तेच असणार. उलटायचा धीर झाला नाही. तशीच आगीत टाकली.”

जन्मभर लोकांची पानं जुळवणारा माणूस, आणि एवढासा कागद उलटला नाही!

मागे धप्पकन आवाज झाला. काकू दारात होत्या, कपडे पायाशी पडले होते. किती ऐकलं देव जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं.

“एवढ्यासाठी?” त्या म्हणाल्या. “मी आपली रोज शोधत बसायची, माझं काय चुकलं. भाजीत चुकलं का, बोलण्यात चुकलं का. मूल झालं नाही म्हणून स्वतःला शिव्या दिल्या. आणि तुम्ही एका कपट्यावरून? मला विचारायचं होतं हो एकदा!”

“मला वाटलं, तू...” काका अर्धवट उठले.

मी पाया पडायला वाकले. काकूंनी मला उठवलं, चापट मारतील असं वाटलं, पण नुसत्या म्हणाल्या, “तू पण गं. मी काही परकी होते का? मला तरी सांगायचंस.” आणि चपला न घालता माझ्या घरी येऊन भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

हे लिहिता लिहिता दार वाजलं. काका होते. डोळे लाल, हाताला खळ.

“तिला विचार, जेवली का.”

“काका, स्वतः विचारा की.”

ते चौकटीला धरून उभे राहिले. ओठ हलले, आवाज फुटेना. मला ते बघवेना. मी दार लोटायला गेले तशा आतून काकू, भिंतीकडचं तोंड न वळवता, खेकसल्या, “लावू नकोस दार! येऊ दे त्यांना शब्द. मी थांबलेय.”