ड्रममधला निम्फ

दारूगोळ्याच्या कारखान्यात सारी नोकरी मी बारीक स्प्रिंगा तपासण्यात घालवली. रिटायर झालो, पण बोटांना ते पटेना. तेवढ्यात परदेशातल्या मुलीने फ्लाय फिशिंगची काठी पाठवली आणि मी त्यासाठी नकली किडे बांधायला बसलो. मेफ्लाय म्हणून एक किडा असतो. पंख फुटायच्या आधी तो नदीत दगडांखाली राहतो, तेव्हा त्याला निम्फ म्हणतात. गळावर दोरा गुंडाळून तस्साच निम्फ करायचा आणि माशाला फसवायचं, एवढंच काम.

शिकायला पाहिलेल्या व्हिडिओतले नमुने थंड मुलुखातले. मी आपल्या नदीसाठी नवा बांधला. सदर बाजारातल्या टेलरकडचा तपकिरी दोरा, वजनाला जुन्या पंख्यातली तांब्याची तार, शेपटीला कोंबड्याच्या पिसाचे तीन केस आणि पाठीवर कॅसेटच्या टेपची चकचकीत पट्टी.

"काय करून राहिले तुम्ही?" बायकोने विचारलं.

"किड्याची पाठ."

कॅसेट तिच्या भजनांची होती. ती उरलेल्या कॅसेटी कपाटात ठेवून कुलूप लावून आली.

निम्फ पाण्यात सरळ बुडतो की उलटा, हे पाहायला मी तो अंगणातल्या ड्रममध्ये सोडला. नेमके तेव्हाच घरोघरी डासांच्या अळ्या तपासणारे एक भैया फाटकातून आत आले. ड्रममध्ये टॉर्च मारून म्हणाले, "अंकल जी, लार्वा है."

"नकली है. मैंने बनाया है."

"सब यही बोलते हैं."

"अरे, इसमें हुक है!"

त्यांनी वाकून पाहिलं. "तभी तो. नई किस्म का है."

मी निम्फ काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा केला, वास घेतला आणि वहीत 'लार्वा, एक' असं लिहिलं. नकलीसाठी वहीत रकाना नव्हता. ड्रम रिकामा करायला लावूनच ते गेले.

"अहो, हसून काहून राहिले?" बायकोने विचारलं. मी बादलीने पाणी उपसत होतो.

"पास झाला! सरकारी माणूस फसला!"

रविवारी आम्ही दोघं स्कूटरवर कुंडम गावाच्या पुढच्या नदीवर गेलो. मासे यायचे, निम्फ बघायचे आणि निघून जायचे. दुपारी मी पाण्यातला एक दगड उलटवला. खाली खरे निम्फ होते: चपटे, मातकट, माझ्याच्या निम्मे. त्यांच्यात माझा म्हणजे बँडवाल्यासारखा दिसत होता.

तरी शेवटच्या फेकीला दोरी ओढली गेली. करंगळीएवढा चंदेरी मासा वर आला. गळ मात्र तोंडात नाही, शेपटीत अडकला होता.

"यानं खाल्लं कुठे? याला लागलं," बायको म्हणाली.

"लागलं म्हणजे लागलाच ना गळाला!"

मासा सोडून दिला, वाद काही सुटला नाही. परतताना चहाच्या टपरीवर बायकोने टपरीवाल्याला सगळं सांगितलं आणि निकाल मागितला. त्याने गॅस बारीक करून मन लावून ऐकलं. "मछली कितनी बड़ी थी?"

मी करंगळी दाखवली.

तो बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्याला हात धरून घेऊन आला. "फ़ैसला दादा करेंगे, पर ऊँचा सुनते हैं," तो मला म्हणाला, "ज़रा ज़ोर से, शुरू से बताइए."