वाचनालयाची किल्ली कुणाकडे होती

ती सकाळ मी विसरलेलो नाही, आणि विसरायची इच्छाही नाही. नव्वदच्या दशकाची अखेर होती. सातारा जिल्ह्यात, सांगलीच्या शिवेला लागून असलेल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. हजेरी संपली होती, रात्रपाळीचे शिपाई घरी निघाले होते आणि ठाणे अंमलदार चहाची वाट बघत होते. तेवढ्यात दारात जीप थांबली आणि एक वजनदार गृहस्थ उतरले. कराडहून कुंडलकडे जाताना आमच्या हद्दीत एक मोठं गाव लागतं. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचे ते अध्यक्ष. मोठे बागायतदार, राजकारणात वरपर्यंत ऊठबस.

खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सांगितलं की वाचनालय फुटलंय, संगणक, टीव्ही आणि व्हीसीआर गेलाय, आणि चोर कोण तेही माहीत आहे. फिर्याद लिहून घ्यायच्या आधी आरोपीचं नाव सांगणारा माणूस दिसला, की मला त्याला जरा जास्त वेळ बसवून ठेवावंसं वाटतं.

नाव त्यांनी ग्रंथपालबाईंचं घेतलं. किल्ली तिच्याकडे असते, चोरघंटेचा खटका कुठे आहे ते तिला ठाऊक, आणि तिचा भाऊ कराडजवळ मलकापुरात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो, म्हणजे विजेचा माल खपवायची सोय घरातच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, माणसं कुठल्या वस्तीतली हायत ते तुमाला सांगायला नको. भावाला उचला. माल बाहेर येतोय का न्हाई बघा."

बाई बौद्ध समाजातल्या होत्या. ती वस्ती मला माहीत होती. तिथले दोघे जण आमच्याच खात्यात नोकरीला होते. मी अध्यक्षांना एवढंच म्हणालो की आधी जागा बघू. फिर्याद त्यांच्याच नावाने घेतली, पण अज्ञात इसमाविरुद्ध. ते त्यांना आवडलं नाही.

वाचनालय जुनं होतं, पण त्या वर्षी त्याने कात टाकली होती. सरकारी अनुदान मिळालं, फौजेत असलेल्या गावच्या पोरांनी सुट्टीवर आल्यावर वर्गणी दिली, आणि मागच्या खोलीत संगणक आला. तो फोनच्या तारेवरून कराडच्या मोठ्या वाचनालयाशी जोडायचा होता, म्हणजे एखादं पुस्तक तिथे आहे का, हे गावात बसून कळलं असतं. दुपारी बायकांना माहितीपट दाखवायला टीव्ही आणि व्हीसीआर होता. कार्यक्रमांसाठी ॲम्प्लिफायर आणि कर्णे होते. या सगळ्याच्या रक्षणासाठी दाराला नवं कुलूप आणि छपरावर चोरघंटा. कुलूप-चोरघंटेसकट बहुतेक सामान सांगलीच्या एका ठेकेदाराने पुरवलं होतं. फक्त ॲम्प्लिफायर माजी सैनिकांनी स्वतः कराडला जाऊन आणला होता.

आम्ही पोचलो तेव्हा ग्रंथपालबाई पायरीवर उभ्या होत्या. तिशीच्या पुढच्या, नीटनेटक्या, डोळे कोरडे. मी दोन पंच बोलावले आणि पंचनामा सुरू केला. दाराचा कोयंडा वाकवलेला होता, पण दाराच्या फळीवर साधा ओरखडा नव्हता. कुलूप शाबूत होतं. म्हणजे कुलूप किल्लीने उघडलं होतं आणि कोयंडा नंतर देखाव्यासाठी पिळला होता. चोरघंटेच्या बॅटरीची तार आतून सोडवलेली होती. हे सगळं बाईंच्या विरोधात जाणारं होतं. मी ते जसं दिसलं तसं लिहिलं. अध्यक्ष माझ्या खांद्यावरून वाचत होते आणि त्यांचा चेहरा खुलत होता.

एक गोष्ट मात्र मला बोचत होती. संगणक आणि टीव्ही दोन माणसांनाही अवघड जाणारं ओझं. ते नेलं होतं. ॲम्प्लिफायर एका हाताने उचलता येतो आणि यात्रेच्या दिवसांत कुणीही डोळे झाकून विकत घेतो. तो जागेवरच होता. इतकी वर्षं चोर बघत आलो, पण असा चोर बघितला नव्हता.

बाईंचा जबाब मी तिथेच घेतला. आदल्या दुपारी त्यांनी बायकांना त्या खोलीच्या उद्घाटनाची कॅसेट लावून दाखवली होती. नंतर ती व्हीसीआरमध्ये अडकली, काही केल्या बाहेर येईना. संगणकही महिनाभर धड चालत नव्हता. दोन्ही तक्रारी त्यांनी अध्यक्षांच्या कानावर घातल्या होत्या, आणि पुण्याहून अनुदानाच्या तपासणीला माणसं येणार आहेत त्यांना यंत्रं उघडून दाखवू, असंही म्हणाल्या होत्या. कुलपाच्या किल्ल्या किती, असं मी विचारलं. नव्या कुलपाबरोबर दोन-तीन तरी येतात. त्या म्हणाल्या, त्यांना एकच मिळाली. अध्यक्ष म्हणाले, त्यांना एकही नाही.

एवढ्यात अध्यक्षांनी सगळ्यांसमोर हात पुढे केला. म्हणाले, तपास पुरा होईपर्यंत वाचनालय बंद, किल्ली इकडं द्या आणि घरी बसा. अंगणात पन्नासेक माणसं जमली असतील.

बाई म्हणाल्या, "किल्ली पोलिसांना देती, पंचनामा करून, पावती घेऊन. तुमाला न्हाई. मला काढायचं आसलं तर सभा बोलवा आन ठराव करा."

किल्ली आणि कुलूप मी जप्त केलं. बाई घरी गेल्या आणि स्वतःच्या घराचं कुलूप घेऊन आल्या. दुपारी नेहमीच्या वेळेला वाचनालय उघडलं. संगणकाच्या रिकाम्या टेबलावर त्यांनी त्या दिवशीची वर्तमानपत्रं मांडली. आमचा हवालदार बघून आला आणि म्हणाला की रोजच्यापेक्षा जास्त बायका आल्यात.

भावाला मी उचलला नाही, बोलावून घेतला. तो आला तो डब्याची पिशवी खांद्याला अडकवूनच. चोरीच्या रात्री तो एका कारखान्यात मोटार बसवायला गेला होता. मी तिथे शिपाई पाठवून खात्री केली आणि त्याला सोडला. त्या संध्याकाळपासून फोन सुरू झाले. कुणी म्हणे, एवढ्याशा चोरीत एवढा घोळ कशाला. कुणी म्हणे, भावाला दोन रट्टे द्या आणि मोकळे व्हा. एका बड्या गृहस्थांनी माझ्या बदलीचा विषय काढला. मी म्हणालो, "साहेब, आपला फोन आला आणि आपण काय म्हणालात, हे स्टेशन डायरीत घेतो. नाव पुन्हा एकदा सांगता का?" फोन बंद झाला. मी नोंद केलीच. तसे आणखी दोन फोन आले, त्यांचीही केली.

मात्र नोंदी करून चोर सापडत नाही. श्वानपथक रस्त्यापर्यंत जाऊन परतलं होतं. ठसे पुसलेले होते. पुढचे काही दिवस मी भंगारवाले, गॅरेजवाले, बाजारवाले पालथे घातले आणि हाती काही लागलं नाही. वरिष्ठ विचारायचे, बाईला अटक का करत नाही? पंचनामा माझाच होता आणि तो बाईंच्याच अंगावर येत होता. एखादा घाईतला अधिकारी तिथेच तपास संपवून मोकळा झाला असता. मला ते करायचं नव्हतं. कारण सांगता येत नव्हतं, एवढंच की त्या पायरीवर मी त्या बाईला हात पुढे करणाऱ्या माणसासमोर उभी राहिलेली बघितली होती. हा पुरावा नव्हे, हे मलाही कळत होतं.

मग सांगलीहून खबर आली. तिथे व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणाऱ्या एका दुकानदाराकडे एक माणूस व्हीसीआर घेऊन आला होता. आत कॅसेट अडकलीय, तेवढी काढून द्या, म्हणत होता. दुकानदाराने कॅसेट काढली आणि धड आहे का बघायला दुसऱ्या यंत्रावर लावली. पडद्यावर फीत कापणारे लोक दिसले आणि त्यांच्या मागे वाचनालयाची पाटी, गावाच्या नावासकट. चोरीची बातमी त्याने पेपरात वाचली होती. त्याने गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं आणि शेजारच्या चौकीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मी साध्या वेशात त्या दुकानात होतो. गिऱ्हाईक ठरल्या वेळी आलं. ज्याने वाचनालयाला सामान पुरवलं होतं, त्या ठेकेदाराचा तो टेम्पो ड्रायव्हर निघाला.

ठाण्यात आणल्यावर त्याने ठरलेलं उत्तर दिलं. यंत्र बाजारात एका अनोळखी माणसाकडून घेतलं. मी त्याला हात लावला नाही. मारलेला माणूस तुम्हाला हवं ते सांगतो आणि कोर्टात ते सगळं फिरवतो. मी त्याला चहा दिला आणि त्या अनोळखी माणसाचं वर्णन विचारलं. मग इकडचं तिकडचं बोलून पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी अनोळखी माणसाची दाढी गेली होती आणि उंची वाढली होती. ते त्याच्याही लक्षात आलं.

मी म्हणालो, "तुझ्या मालकाला वकील मिळंल, जामीन मिळंल. तुझ्यासाठी कोण येणार आहे ते सांग, त्याला निरोप धाडतो."

त्याने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "साहेब, मी चोरलं न्हाई. मला सगळं नदीत टाकायला सांगितलं हुतं. व्हिडिओ टाकायचा जीव झाला न्हाई, म्हणून ठिवला."

माझ्या नोकरीत मी ऐकलेल्या सगळ्या कबुल्यांमध्ये ही मला सगळ्यात विचित्र वाटली. माणूस चोरी करतो ती विकायला, वापरायला, फार तर सूड घ्यायला. चोरलेला माल नदीत टाकायला सांगणारा चोर पहिल्यांदाच भेटत होता. पण ॲम्प्लिफायर मागे का राहिला, ते त्याच क्षणी लक्षात आलं. तो खरोखर नवा होता.

पुढचं भराभर झालं. ड्रायव्हरने कृष्णेच्या पुलाजवळचा डोह पंचांसमक्ष दाखवला. गावातल्या पोहणाऱ्यांनी दोर बांधून संगणक आणि टीव्ही वर काढले. गाळाने भरलेला संगणक काठावर ठेवला तेव्हा पुलावर माणसं दाटली होती. त्याच्या पाठीवरचा अनुक्रमांक कानशीने घासून काढलेला होता. कराडच्या एका तज्ज्ञ प्राध्यापकांनी तो उघडून लेखी अहवाल दिला. खोकं नवं होतं, आतलं सगळं जुनं, कुठल्यातरी ऑफिसातून मोडीत निघालेलं. टीव्हीची तीच कथा. नव्याचं अनुदान घेऊन जुना माल रंगवून बसवला होता, आणि पुण्याची तपासणी तोंडावर आल्यावर तो नाहीसा करणं भाग होतं.

ठेकेदाराला मी सांगलीत त्याच्या दुकानातून उचलला. कुलपाची दुसरी किल्ली त्याच्याच दुकानात मिळाली. पहिला दिवस तो तोंड उघडेना. नदीतून संगणक वर आलाय असं सांगितल्यावर त्याने पाणी मागितलं आणि अध्यक्षांचं नाव घेतलं. ठरवलं दोघांनी होतं. बाईवर आळ घालायची कल्पना अध्यक्षांची. यंत्रं उघडून दाखवू असं ती म्हणाली होती, म्हणून.

मी चोरीच्या गुन्ह्यात फसवणूक, कट आणि पुरावा नष्ट करण्याची कलमं वाढवली आणि तसा रिपोर्ट कोर्टात दिला. फिर्यादीला आरोपी करून अटक करायला निघालो तेव्हा हवालदार म्हणाले, जीप मागच्या गल्लीतून घेऊ का, गावात गडबड होईल. मी म्हणालो, बाजारपेठेतून घ्या. ज्या अंगणात त्यांनी सगळ्यांसमोर हात पुढे केला होता, तिथेच ते बसलेले मिळाले. मी अटकेचं कारण मोठ्याने वाचून दाखवलं. बाई दारात उभ्या होत्या. मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "आवं साहेब, आमचा टीव्ही कवा मिळणार?"

माझी बदली झाली. आदेश हातात पडल्यावर कार्यभार सोडायच्या आत मी दोषारोपपत्र दाखल केलं. नवीन माणसावर ते ठेवायची माझी तयारी नव्हती. मला लांबच्या जिल्ह्यात, कुणी मागून घेत नाही अशा जागी टाकलं. तिथून मी साक्षीला येत राहिलो. कोर्टात बचावाच्या वकिलाने बाईंना विचारलं की किल्ली तुमच्याकडे होती, हे खरं ना? त्या म्हणाल्या, "व्हय, होती. म्हणूनच मला कोयंडा पिळायची गरज नव्हती." वकिलाने कागद उलटून दुसराच विषय काढला.

ठेकेदाराला आणि अध्यक्षांना शिक्षा झाली. अपिलात ठेकेदाराची कायम राहिली, अध्यक्ष संशयाचा फायदा मिळून सुटले. त्यांच्या माणसांनी गुलाल उधळला म्हणे. मला विचाराल तर त्या निकालाने माझं मत बदललेलं नाही. कोर्टाचा निकाल मी मानतो, पण माझ्या डोळ्यांनी जे बघितलं ते पुसायचा अधिकार कुणाला नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा त्या रस्त्याने जाताना मी वाचनालयात गेलो. बाई अजून ग्रंथपाल होत्या. गावाने पुन्हा वर्गणी काढली होती आणि या खेपेला सामान घ्यायला त्या स्वतः चार जणांबरोबर गेल्या होत्या. एका टेबलाशी माजी अध्यक्ष पेपर वाचत बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी पेपर वर धरला. तुम्ही यांना आत कसं येऊ देता, असं मी बाईंना हळूच विचारलं.

त्या हळू बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "वाचनालय सार्वजनिक हाय साहेब. वाचायला मी कुणाला अडवत न्हाई. पण संगणकाला हात लावायचा आसला तर मला विचारावं लागतंय. आन ते विचारत्यात."

या गुन्ह्याने मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. मी सांगतो, आयता आरोपी आणून देणाऱ्याचे आभार मानू नका, त्याचाच जबाब आधी घ्या. दुर्बळ माणसाकडे बोट दाखवणं सोपं असतं, म्हणून तुमच्यावर तिकडूनच दबाव येतो. त्या दबावाला नाही म्हटलं तर बदली होते. होऊ द्या. मी त्या लांबच्या जिल्ह्यातही पोलीसच होतो.