एकदाच वाजणारा हॉर्न

आमच्यात भुतं नसतात. आम्ही लिंगायत. गेलेला माणूस शिवात मिसळला असं आम्ही मानतो. त्याला मांडी घालून बसवतो, तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतो, विभूती लावून मातीआड करतो आणि विषय संपतो. पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि मला ते पटतही होतं. पण नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा भुरभुर पाऊस आला, तेव्हा अंगणात उभ्या असलेल्या त्याच्या पिकअपचा हॉर्न आपोआप वाजला. आणि स्वयंपाकघरातून माझ्या सासूबाईंनी नेहमीसारखी ओ दिली, "बंदे!"

बंदे म्हणजे आले. आमचं गाव जळकोटच्या पुढं आत, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या रागावतात मराठीत आणि माया करतात कानडीत, त्यामुळे लग्नानंतर बरीच वर्षं मला कानडी शिकायची फारशी गरज पडली नाही.

नवरा त्या पिकअपमधून शेळ्या आणि भाजीपाला बाजारला न्यायचा. कधी सोलापूर, कधी तुळजापूर. परत येताना घराखालच्या चिंचेच्या वळणावर दोनदा हॉर्न वाजवायचा. तो ऐकला की आत्या "बंदे, बंदे" करत फाटकाचा अडसर काढायला निघायच्या आणि मी चहाचं आधण ठेवायची. यात कधी बदल झाला नाही. एके दिवशी दुपारी त्याच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी त्यांच्या मोटारीत घालून सोलापूरला नेलं. पिकअप राहिली अंगणात, तोंड रस्त्याकडं करून, दुसऱ्या दिवशी निघायच्या तयारीत. तो परत आला रुग्णवाहिकेतून, आणि त्या ड्रायव्हरनं वळणावर हॉर्न वाजवला नाही. त्या बिचाऱ्याला काय माहीत. पण अडसर कुणीच काढलेला नव्हता, आणि माझा नवरा स्वतःच्या फाटकाबाहेर पाहुण्यासारखा ताटकळत राहिला. त्या ड्रायव्हरवरचा माझा राग अजून गेलेला नाही. एक हॉर्न वाजवला असता तर त्याच्या बापाचं काय जात होतं?

तर गाडी हॉर्न वाजवायला लागली. हवेत ओल आली, दव पडलं की केव्हाही. सकाळी भाकरी थापताना, दुपारी शेळ्यांना पाला टाकताना. आत्या ओ द्यायच्या आणि गुडघे धरत दारापर्यंत जायच्या. थोडा वेळ उभ्या राहायच्या, मग परत फिरायच्या. दर सोमवारी त्या पिकअपच्या बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढायच्या आणि बेलाचं पान ठेवायच्या. गाडी मरू द्यायची नाही असा त्यांचा हुकूम होता, म्हणून त्याच दिवशी मी ती थोडा वेळ सुरू करून ठेवायची. पण आत बसायची नाही. खिडकीतून हात घालून किल्ली फिरवायची. त्याची सीट मधोमध दबलेली होती, त्याच्या बसण्याची बरोबर तेवढी. त्या खळग्याकडं बघायचंसुद्धा मला धाडस व्हायचं नाही.

एकदा आमचे स्वामी घरी आले होते. त्यांच्यासमोरच हॉर्न वाजला. ते समजुतीनं म्हणाले, "माय, आपल्यात भूत न्हाय."

"भूत कोन म्हणलं?" आत्या फणकारल्या. "ल्योक हाय माझा."

स्वामींनी चहा संपवला आणि उठले.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती आणि मी ती मनातच ठेवली होती. तो दोनदा वाजवायचा. हा हॉर्न एकदाच वाजायचा. पहिला आवाज झाला की माझा हात जागच्या जागी थांबायचा आणि सगळं अंग दुसऱ्याची वाट बघायचं. पीठ हातात वाळायचं, दूध उतू जायचं. दुसरा कधीच आला नाही. हे आत्यांना सांगून त्यांचा आधार काढून घ्यायला मला जिवावर आलं असतं.

त्याची समाधी आमच्याच रानात आहे, ओढ्यापलीकडच्या माळावर. तिथवर बैलगाडीची वाट होती. मागच्या पावसाळ्यात आभाळ असं फाटलं की ओढ्यानं ती वाट उचलूनच नेली. राहिले ते घळी आणि बैलाएवढे धोंडे. मी कशीबशी चढून जायची. आत्यांच्या गुडघ्यांना ते शक्य नव्हतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून न्यायचा एकदा प्रयत्न केला, तर ओढ्याच्या काठापर्यंत पोचेस्तोवर त्या दोनदा आडव्या झाल्या. तिथूनच मागं फिरवायला लावलं. म्हणाल्या, "म्या काय कडबा हाय का?"

त्याच दिवशी संध्याकाळी ओट्यावर पाय चोळत बसल्या होत्या. एकाएकी म्हणाल्या, "मला त्याच्या बाजूला बसवायचं. कळलं न्हवं?"

"असलं बोलू नका, आत्या."

"बोलू नका काय? जिती असून मला वर जाता येईना. मेल्यावर कशी नेशील? मला खाली गावात, परक्याच्या बाजूला नगं बसवू, पोरी."

त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती पाहिली. मुलाच्या मरणात जिनं घर सावरून धरलं, ती बाई वाट गेली म्हणून घाबरली होती. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं. पिकअप माळावर चढली पाहिजे.

हमरस्त्यावरच्या गॅरेजमधले मिस्त्री माझ्या नवऱ्याचे जुने दोस्त. ते आले, गाडीभोवती फिरले, खाली वाकले, आणि डोकं खाजवत म्हणाले, "भाभी, ही बाजारची गाडी हाय. डोंगरात न्यायची म्हणताव तर हिचा नवा जन्म करावा लागंल."

"करा की मग."

गाडी गॅरेजला न्यायला आत्यांनी साफ नकार दिला, म्हणून गॅरेजच अंगणात आलं. मागच्या हौद्यात एक कोंबडी खुडूक बसली होती, तिचं बाळंतपण उरकेपर्यंत काम थांबलं. मग हौदा अर्धा कापला. भंगारातून जुन्या जीपचं पुढचं हाऊसिंग आणलं, म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर लागावा. खालच्या स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी पाटे घालून गाडी उचलली, मोठे टायर चढवले, सायलेन्सर वर घेतला, नाहीतर ओढ्यात पाणी प्याला असता. मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला पुटपुटायचे, आणि ते घरी गेले की आत्या विभूती लावायच्या. दोन्हीकडून बंदोबस्त चोख होता. मी पाने-पकडी उचलून देणं, गंज घासणं, ग्रीस भरणं, सगळं शिकले. गाव येता-जाता वाकून बघायचं. एक लांबचे पाहुणे म्हणाले की बाईमाणसाला हे शोभत नाही, भंगारात घालून मोकळी हो. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच चढा आधी भंगारवाल्याच्या काट्यावर. ते परत आले नाहीत.

पण एकेक भाग निघायला लागला तसं माझं मन खचायला लागलं. जुना क्लच निघाला, तो त्याच्या पायानं झिजलेला. गिअरच्या दांड्याची मूठ निघाली, तिच्यावर त्याच्या तळहाताची चमक होती. दाराच्या कप्प्यात त्याचा कंगवा सापडला, केसांसकट. तो मी पदरात बांधला आणि शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन रडले. त्याला मातीत बसवलं तेव्हा मी एवढी रडले नव्हते. तेव्हा माणसं होती, स्वयंपाक होता, आत्या होत्या. आता मी स्वतःच पाना धरून त्याला थोडा थोडा उचकटत होते.

सीट बदलू दिली नाही. मिस्त्री म्हणाले स्पंज गेलाय, मी म्हटलं जाऊ द्या. शेजारच्या सीटला त्यांनी धरायला लोखंडी कडी वेल्ड केली आणि आत्यांना बसवून बघितलं. आत्या पाठ टेकवून, मांडी घालून बसल्या. पुढं बघितलं, मागं बघितलं, आणि विचारलं, "मिस्त्री, मेल्यावर अशीच बसवून नेता यील का?"

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि पाणी प्यायला निघून गेले.

वायरिंग शेवटी आलं. दुपारी मिस्त्री स्टिअरिंगखाली डोकं घालून आडवे झाले होते. तिथूनच म्हणाले, "भाभी, हे बघा तुमचं भूत." एक वायर. वरचं रबर झिजून गेलेलं, उघडी तार लोखंडाच्या जवळ. ओल आली की टेकायची आणि हॉर्न वाजायचा. मी बघितली. बोटाएवढी उघडी जागा.

"ही एवढी राहू द्या," मी म्हटलं.

"काय?"

"सगळं नवं करा. ही तेवढी तशीच ठेवा."

ते बाहेर आले, माझ्याकडं बघितलं. त्यांनाही हॉर्नचं आणि आत्यांचं ठाऊक होतं. हळूच म्हणाले, "नक्को भाभी. एक दिवस गाडी पेटंल. आत म्हातारी असंल." मग त्यांनी ती वायर काढली. मी अडवलं नाही.

त्या आठवड्यात भुरभुर आली. आत्या ओसरीवर तुरीची डाळ निवडत होत्या, मी ताक घुसळत होते. थेंब पडायला लागले आणि माझा हात थांबला. पत्र्यावर पाऊस वाजला, शेळ्या ओरडल्या, थांबल्या. अंगणातून काहीच आलं नाही. आत्यांनी सुपातून मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि परत डाळीत बोटं घातली. त्या दिवशी त्या अर्ध्याच भाकरीवर उठल्या. मला वाटलं, मी या बाईचा मुलगा दुसऱ्यांदा नेला.

पुढच्या सोमवारी निघालो. आत्यांनी ठेवणीतलं इरकल नेसलं. तो गेल्यावर मी पहिल्यांदाच त्याच्या सीटवर बसले आणि त्या खळग्यात अशी खोल गेले की समोरचं दिसेना, क्लचला पायही पुरेना. मिस्त्री म्हणाले, उशी घ्या. मी त्याची वाकळ आणली, घडी करून खळग्यात घातली आणि वर बसले. गाडी त्यानंच मला शिकवली होती, त्याच माळावर, हसून हसून.

ओढा सहज पार झाला. पलीकडच्या चढाला मागचं चाक धोंड्यावरून घसरलं, गाडी एका बाजूला कलली आणि इंजिन बंद पडलं. आत्यांनी कडी घट्ट धरली होती, डोळे मिटलेले. का कोण जाणे, मला त्याचाच राग आला. मी मोठ्यानं ओरडले, "तुम्हाला जायची एवढी काय घाई झाली होती? आता या की खाली, द्या धक्का!" कुणी आलं नाही. किल्ली फिरवली, खालचा गिअर टाकला, पुढच्या चाकांनी दगड धरला, आणि गाडी रडतखडत माळावर आली.

गाडीच्या कामात माझं वर येणं झालं नव्हतं, तेवढ्यात समाधीवर कमरेएवढं गवत वाढलं होतं. मी ते उपटलं. आत्यांनी दगडी लिंग पदरानं पुसलं, विभूती लावली, पान वाहिलं. मग लिंगावरचा हात न काढता बसून राहिल्या. माझ्यानं राहवेना.

"आत्या, हॉर्न आता वाजणार न्हाय. मिस्त्रींनी वायर बदलली."

"ठाव हाय मला."

"तुम्हाला लई लागलं असंल."

"मला?" त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "त्यो दोनदा वाजवायचा. हे एकदाच वाजायचं. माझ्या ल्योकाचा हॉर्न मला कळंना व्हय?"

"मग ओ कशाला देत होता?"

आत्या लिंगावरची विभूती बोटानं सारखी करत राहिल्या.

"हॉर्न वाजला की तू हातातलं समदं टाकून दाराकडं बघायचीस. घरात दुसरं कुनीच बोललं न्हाय तर तुला वाटलं असतं, हे तुला एकटीलाच ऐकू येतंय."

स्वयंपाकघरातून गुडघे धरत किती वेळा त्या दारापर्यंत गेल्या असतील, तिथं कुणी नाही हे पक्कं माहीत असून. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी त्याच्या समोर मनसोक्त रडले. आत्या केसांतून हात फिरवत कानडीत काहीबाही बोलत होत्या. मग म्हणाल्या, "ऊठ. शेळ्या उपाशी हायत्या."

उतरताना फार त्रास झाला नाही. चिंचेचं वळण आलं तसा माझा हात आपसूक हॉर्नवर गेला. वाजवला, आणि हात तसाच थांबला. घरात कोण होतं ऐकायला?

"आनि एक," शेजारून आत्या म्हणाल्या.

मी दुसरा वाजवला. फाटकापाशी गाडी थांबवली आणि उतरायला दार उघडलं, तर त्यांनी माझा हात धरला. "तू बस." मिस्त्रींची कडी धरून एकेक गुडघा सांभाळत त्या खाली उतरल्या, इरकलाचा पदर खोचला आणि फाटकाकडं निघाल्या. "बंदे, बंदे," म्हणत त्यांनी अडसर काढला आणि मला आत घेतलं.