सहा व्होल्ट

अमेरिकेतल्या वाळवंटी चँडलरला आल्यावर उल्हास कर्णिकांनी बऱ्याच सवयी सोडल्या, पण ट्रान्झिस्टर एकेक करून पारखून घ्यायची सवय काही सुटली नाही. पुण्यात रेडिओच्या कारखान्यात होते तेव्हा जो माल हाती येईल तो गोड मानून घ्यायचा काळ होता. दोन ट्रान्झिस्टर सारखे कधी निघत नसत. मग प्रत्येकाची नाडी बघायची आणि त्याला नेमका सोसेल एवढाच रेझिस्टर बेस नावाच्या पायाला लावायचा. त्या कामात उल्हासरावांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे ते स्वतःच सर्वांना सांगत.

चौऱ्याऐंशी साली व्हिटलो नावाच्या गृहस्थाच्या छोट्या कंपनीत त्यांनी घरगुती इंटरकॉम बनवला. म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी एक पेटी, दुसरी घरातल्यांच्या खोलीत. हाक मारली की तिकडे ऐकू येते. व्हिटलोने कुठल्याशा जुन्या मालातून जर्मेनियमचे, म्हणजे जुन्या धर्तीचे, ट्रान्झिस्टर पडेल भावात उचलले होते. उल्हासराव खूश झाले. हा तर त्यांचा जुना सोबती!

त्यांचा मित्र गुरुदत्त नाडकर्णी मोठ्या चिप कंपनीत होता. गणपतीच्या जेवणात त्याने कागदी बशीच्या पाठीवरच सर्किट काढायला लावलं आणि बघून म्हणाला, "अरे यार, एमिटरला रेझिस्टर टाक, बेसला डिव्हायडर दे. गरम झाला की हा ड्रिफ्ट होणार, जागेवरून सरकणार. मग स्वतःला सावरणार कसा?"

"तुम्ही लोक ढीगभर पार्ट्स लावता," उल्हासराव हसले. "मी सिलेक्ट करून लावतो."

गुरुदत्तचं म्हणणं त्यांना कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण इतकी वर्षं ज्या कसबावर मिरवलं, ते दोन रेझिस्टरांनी फुकट ठरावं, हे मनाला पटेना. माणूस असाच अडतो.

पहिली जोडी त्यांनी घरी आणली. आई आदल्या हिवाळ्यात पुण्याहून आल्या होत्या आणि लगेच अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या पेटीत तोंड घालून "पद्मजा, चहा!" म्हणत, आणि स्वयंपाकघरातून सून "हो आई!" म्हणे. दिवसभर हा खेळ चाले. उल्हासरावांना वाटे, अमेरिकेत येऊन आपण काहीतरी केलं.

पुढच्या जुलैत एका गिऱ्हाईकाच्या घरातला कूलर बंद पडला. खिडकीच्या कट्ट्यावर, भर उन्हात पेटी होती. पलंगावरून पडलेली म्हातारी दुपारभर हाका मारत राहिली असणार. तिची मुलगी पलीकडच्याच खोलीत होती. तिला काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारी गेली.

ती पेटी उल्हासरावांच्या टेबलावर आली. व्हिटलो शेजारी उभा राहिला. एसीच्या गार हवेत मीटरचा काटा बरोबर सहा व्होल्टवर थांबला, बॅटरीच्या बाराच्या निम्म्यावर. ट्रान्झिस्टर म्हणजे नळासारखा. पुरता बंद असला तरी निरुपयोगी आणि पुरता उघडा असला तरी निरुपयोगी. अर्धा उघडा असेल तरच आवाजाबरोबर कमीजास्त होऊ शकतो. सहा व्होल्ट म्हणजे नेमका अर्धा.

"गुड," व्हिटलो म्हणाला. "त्या मुलीच्या वकिलाला हेच सांगू."

जेवणाच्या सुट्टीत उल्हासराव ती पेटी, तिच्या जोडीची दुसरी पेटी, बॅटरी आणि मीटर घेऊन पार्किंगमध्ये गेले. काचा बंद करून गाडीत बसले. घामाने शर्ट अंगाला चिकटला. काटा सहावरून पाचावर आला, मग चारावर, मग तिनावर. दुसरं काहीतरी बिघडलं असू दे, वायर असू दे, माइक असू दे, असं ते मनात म्हणत होते. काटा शून्याच्या जवळ जाऊन बसला तो हलेना. शून्य म्हणजे नळ पुरता उघडून अडकलेला. त्यांनी पेटीशी तोंड नेऊन हाक मारली. शेजारच्या सीटवरच्या दुसऱ्या पेटीतून काहीच आलं नाही. ते पुन्हा ओरडले. तेव्हा त्यांना रडू फुटलं.

त्यांनी सगळं व्हिटलोला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"लॅबमध्ये सहा आले ना, ऊल?" तो म्हणाला. "सगळ्या पेट्या परत मागवल्या तर ही कंपनी राहणार नाही. कंपनी नाही तर तुझं ग्रीन कार्डही नाही. यू डिसाइड."

एवढ्या वर्षांनी परत जायचं, तेही अशा आईला घेऊन? पुण्यातली जागाही गेलेली. वकील आला तेव्हा उल्हासरावांनी सांगितलं, "सहा व्होल्ट." त्यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट.

घरी पद्मजा दारातच उभी होती. "काय झालं हो? आपल्या पेटीचा दोष नाही ना?"

"लॅबमध्ये सहा व्होल्ट आले."

"देवा!" तिने डोळे पुसले. "मला सकाळपासून चैन नव्हतं. साखर ठेवते देवापुढे."

ती साखर घेऊन देवघराशी गेली, तर तिथली घंटा जागेवर नव्हती. आईंच्या खोलीत उल्हासराव पलंगाशी वाकून इंटरकॉमची वायर सोडवत होते. घंटा त्यांनी आईंच्या चांगल्या हाताजवळ ठेवली होती.

"ही कशाला रे?" आई म्हणत होत्या. "पेटी छान होती की. बोलता यायचं."

"आई, आता हीच वाजवत जा."

पद्मजा साखरेची वाटी धरून दारातच थांबली. काढलेली पेटी, घंटा आणि नवऱ्याचा चेहरा, सगळं तिने पाहिलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "फक्त आपल्याच घरातली काढलीत?"

उल्हासराव वायर गुंडाळत राहिले. बाहेर अजून कडक ऊन होतं.