कौसल्याच्या दावणीला दुजाभाव न्हाय

…आन् हे पयलं लिही, श्रिया, की कौसल्यानं कुणाची माफी मागितली न्हाय. बाजारात कोण काय उठवतंय त्येला आपण कशाला भ्यायचं. मी बोलते तसंच लिही, शाळेतलं नगं. वाचणाऱ्याला कळू दे ही बाई कोण आन् तिनं केलं काय.

कौसल्या आपल्याच वस्तीवरची, निमगाव केतकीच्या ह्या अंगाला. माहेर कन्हेरीचं. अंगानं काटकुळी, पण बोलाय लागली की डेअरीवरची मोटारसायकल बंद करून लोक ऐकतात. नवरा मानसिंग, त्येला सगळी तात्या म्हणतात. गडी वाईट न्हाय, फकस्त बायकोच्या म्होरं बोलायचं आन् मागं सरायचं, ही त्येची जुनी खोड.

नवीन नवरी व्हती तवाची गोष्ट. चुलत दिराचं लगीन. पुढच्या पंगतीला कारखान्यातली मोठी माणसं बसलेली. सासऱ्यानं वाढप्यांना बजावलेलं, पुढं जिलबी फिरवा, मागं नुसती बुंदी. जिलबीची परात नेमकी कौसल्याच्या हातात. ती पार मागल्या टोकाला गेली, जिथं गडी-माणसं आन् त्यांच्या बायका बसल्या व्हत्या, आन् तिथनं वाढत वाढत पुढं आली. मोठ्या माणसांपाशी येस्तवर परातीत पाक तेवढा राहिला. सासू दात खाऊन म्हणली, "अगं, पावणी कोण हायत ते तरी बघायचं."

"मी ताटं बघून वाढतीया, आत्याबाई. माणसं बघून न्हाय."

त्या दिवसापास्नं तिच्या हातात कुणी परात दिली न्हाय, आन् तिलाबी त्येचं वाईट वाटलं न्हाय.

तिच्या गोठ्यात जर्सी गाया. चंद्री, बिजली, राणी आन् ढवळी. त्यातली ढवळी गेली. व्याली चांगली, कालवड दिली, आन् दुपारपतूर बसली ती उठंना. कान गार पडले, मान वळवून कुशीवर टाकली. जनावरांचे डॉक्टर वसंतराव तवा इंदापूरच्या पल्याड कुठंतरी अडकलेले. कॅल्शियमची बाटली घिऊन आले, पण ढवळी थांबली न्हाय. मानसिंगनं दुसरी गाय आणायची म्हणली तर कौसल्या म्हणली, "तो खुंटा रिकामा राहू द्या. मला बघायला लागतो."

तर अशात बारामतीच्या लॅबमधनं वैदेही मॅडम आल्या. पोरगीच म्हणायची, पण हात धीट. संगं बर्फाची पेटी, काचंच्या बारक्या नळ्या, सुया आन् पावडरीच्या पुड्या. त्यांनी वस्तीवरल्या बायांना डेअरीच्या ओट्यावर बसवून सांगितलं, की व्यायच्या आधी काही दिवस ही पावडर पेंडीत कालवून दिली तर गाय व्याल्यावर बसत नाही असं त्यांना वाटतं. पण वाटून चालत नाही, रगात तपासून बघाय लागतं. रगात नळीत ठिवलं की ते गोठतं आन् वर पिवळं पाणी सुटतं. त्या पाण्यात कॅल्शियम किती, फॉस्फरस किती, ते मशीन सांगतं.

बाया कुजबुजाय लागल्या. राजलक्ष्मी, कौसल्याची शेजारीण, म्हणली, "आज शुक्रवार हाय. शुक्रवारी गाईचं रगात काढायचं व्हय?"

मानसिंग म्हणला, "रगात काढल्यावर दूध कमी येतंय. मग डेअरीला काय नळ्या घालायच्या?"

कौसल्या उठली. "ढवळीच्या अंगात काय कमी पडलंय ते कुणी आधी सांगितलं असतं, तर ती आज उभी असती. मॅडम, माझ्या गोठ्यात चला."

तिनं सोता चंद्रीची मोरकी धरली. मॅडमनी मानंची शीर अंगठ्यानं दाबली, ती फुगली, सुई गेली. चंद्रीनं डोळंबी मिटलं न्हाय. ते बघून मग बाकीच्या बाया तयार झाल्या.

पण खरी गंमत पुढंच. चंद्री आन् बिजली दोगी गाभण, बरुबरच व्यायच्या. मॅडमनी चिठ्ठी काढली आन् चंद्रीच्या गळ्यात पिवळी फीत बांधली. "हिला पावडर द्यायची. बिजलीला नाही. बाकी चारा, पाणी, पेंड दोघींना सारखंच."

"बिजलीनं काय केलंय?" कौसल्यानं इचारलं.

"काहीच नाही, काकू. एकीला देऊन दुसरीला न देता बघायचं, म्हणजे फरक कळतो."

मॅडम गेल्या. सांजच्याला कौसल्या पेंड कालवाय बसली. दावणीला दोगी शेजारी, गव्हाण एकच. चंद्रीच्या पाटीत पावडर पडाय लागली, आन् बिजलीनं मान लांब केली. झालं. कौसल्याचा हात थांबला. तिच्या डोळ्याम्होरं ढवळीचा रिकामा खुंटा. तिनं पुडी वाटली, अर्धी हिच्या पाटीत, अर्धी तिच्या.

मानसिंग म्हणला, "अगं, ती पावडर कडूजहर हाय. बिजलीला सुटका झाली म्हणून बरं वाटत असंल."

"कडू आसंल तर दोगींनी कडू खावी. माझ्या दावणीला एकीला वाढून दुसरीला बघत ठिवायचं न्हाय."

व्याल्या दोगी, मॅडमनी परत रगात नेलं, बसली कुणीच न्हाय. कौसल्याला वाटलं, मिटलं.

मिटलं कुठलं. मॅडम परत आल्या त्या तोंड उतरवून. सगळ्यांना परत ओट्यावर बोलावलं. पावडर दिलेल्या गाया आन् न दिलेल्या गाया, रगातात फरकच दिसंना. वरच्या सायबांनी सांगितलंय, पावडरीचा उपेग न्हाय असं लिहा आन् काम बंद करा. मॅडमनी एकेकीकडं बघत इचारलं, "पिवळी फीत नसलेल्या गाईला कुणी पावडर दिली होती का? रागावणार नाही. मला फक्त खरं हवंय."

आता हितं आपला दीपक येतो. डेअरीचा चेरमन. त्येनं मॅडम यायच्या आधीच घरोघर जाऊन सांगितलेलं, कुणी तोंड उघडायचं न्हाय, न्हायतर लॅबची गाडी बंद व्हईल आन् फुकटची तपासणीबी जाईल. तोच हात जोडून म्हणला, "छे, छे. आमच्या बाया तशातल्या न्हाईत, मॅडम. तुमी सांगितलं तसंच झालंय."

सगळ्या खाली मान घालून बसल्या. कौसल्या मॅडमच्या तोंडाकडं बघत व्हती. तिला कळलं की आपण गप बसलो तर ही पावडर खोटी ठरंल. मग उद्या कुणाची ढवळी बसली तर तिला द्यायला काय उरंल? ती उठली तशी मानसिंगनं पदर वढला. तिनं पदर सोडवून घेतला.

"मी दिली. अर्धी-अर्धी वाटून दिली."

दीपक म्हणला, "काकू, तुमाला आठवत नसंल नीट."

"मला नीट आठवतंय, दीपकराव. चोरून न्हाय दिली. माझ्या गोठ्यात, माझ्या हातानं, नवऱ्याच्या डोळ्याम्होरं दिली. मॅडम, एका दावणीला दोन रीती ठिवायच्या, ही तुमची रीतच मला पटली न्हाय."

मॅडमबी काय लेच्यापेच्या न्हाईत. "मग पहिल्याच दिवशी तसं म्हणायचं होतं, काकू. 'मी देणार नाही' म्हणाला असता तर मी तुमचा गोठा घेतलाच नसता. तुम्ही 'हो' म्हणालात आणि मागून वाटलीत. माझं वर्ष गेलं त्यात."

खरं तर तेच व्हतं. कौसल्या म्हणली, "ते मातर माझं चुकलं. सांगाय पायजे व्हतं. पण वाटली ते चुकलं न्हाय."

श्रिया, हे जसंच्या तसं लिही. हेच पुढं बाजारात उलटं केलंय.

मग राजलक्ष्मी हळूच म्हणली, "मीबी दिली." तिच्या मागनं दुसरी, मग तिसरी. दीपकची आई कोपऱ्यात बसलेली, तिला ऐकू कमी येतं म्हणून मोठ्यानं बोलती. ती म्हणली, "आमच्या दीपकनं तर म्हशीला चारली." सगळा ओटा हसला. दीपकला मोबाईलवर कायतरी महत्त्वाचं बघायचं आठवलं.

मॅडमबी हसल्या, पण मग लगीच गंभीर झाल्या. म्हणल्या, "गाय-गाय वेगळी करून इथं चालणार नाही, हे मला आता कळलं. पुढच्या वेळी गोठा-गोठा वेगळा करू. ज्या गोठ्याला पावडर, तिथं सगळ्या गाभण गाईंना. ज्याला नाही, तिथं कुणालाच नाही. जास्त गोठे लागतील, परत पहिल्यापासून करावं लागेल. साहेबांशी मी भांडते. पण काकू, चिठ्ठीत तुमच्या गोठ्याला 'नाही' निघालं तर?"

"कुणालाच न्हाय म्हंजे पंगत सारखीच झाली. मग मी तुमच्या संगं. शब्द देते."

आन् निघालं काय? पुढल्या येताला, गाया परत गाभण राहिल्यावर, चिठ्ठी काढली तर कौसल्याच्या गोठ्याला 'न्हाय'. शेजारच्या राजलक्ष्मीला मातर पावडर.

लोकांनी काय कमी हसून घेतलं? राजलक्ष्मी कुपाटीवरनं हात पुढं करायची. "आक्का, घे की चिमूटभर. मॅडमला काय कळतंय."

"मॅडमला न्हाय कळलं तरी बिजलीच्या रगाताला कळतंय. ठिव तुझ्यापाशी."

मानसिंगला तर राहवंना. "देऊ नगं म्हणले तवा वाटलीस, आन् आता लोक हातात आणून देत्यात तर घीना. त्या नळीत एकदा तुझंबी रगात भरून बारामतीला पाठवाय पायजे, काय कमी हाय ते तरी कळंल."

"काय जास्त हाय ते इचारा," कौसल्या म्हणली. पण आवाज नेहमीसारखा न्हवता. बिजलीच्या अंगावरनं हात फिरवताना तिची नजर परत परत त्या खुंट्यावर जायची.

बिजली सकाळी व्याली. खोंड झाला. आन् दुपार कलायच्या आत बसली. कौसल्यानं कानाला हात लावला, कान गार. नाक कोरडं. बिजलीनं मान वळवली आन् कुशीवर टाकली, थेट ढवळीनं टाकली तशी.

मानसिंगनं वसंत डॉक्टरांना फोन लावला. नशिबानं ते निमगावातच व्हते, पेटी घिऊन आले. पेटीत कॅल्शियमची बाटली व्हती आन् मॅडमनी देऊन ठिवलेली नळीबी. कौसल्यानं मॅडमना फोन लावला आन् मोठ्या आवाजावर ठिवला.

मॅडम म्हणल्या, "काकू, बाटली लावायच्या आधी रक्त घेतलं तरच नमुना कामाचा. एकदा बाटली लागली की आकडा बदलतो. पण गाय तुमची आहे. तुम्ही म्हणाल, आधी बाटली लावा, तर आधी बाटली. नमुना गेला तर जाऊ दे."

मानसिंग वरडला, "आधी बाटली लावा डॉक्टर. ढवळी अशीच गेली. हिच्या शब्दापायी दुसरी घालवू का?"

राजलक्ष्मीबी म्हणली, "आक्का, तात्यांचं ऐक."

कौसल्या बिजलीच्या मानंपाशी बसली. डॉक्टरांना इचारलं, "नळी भरायला किती येळ?"

"शीर सापडली की लगीच. त्याच सुईनं पुढं बाटली लावतो. पण रक्तदाब कमी झालाय तिचा, शीर सापडायला पायजे."

"मी मान धरते. तुमी नळी घ्या."

"अगं, गाय मरंल," मानसिंग म्हणला.

"ही नळी भरली न्हाय तर पुढच्याच्या दावणीला हेच व्हणार. मी मरू देत न्हाय हिला. तुमी पाय धरा, गप उभं राहू नगा."

आन् तात्यानं पाय धरलं. शीर पयल्यांदा निसटली. कौसल्यानं अंगठा खाली सरकवला, दाबला, डॉक्टरांनी सुई घातली आन् नळीत काळपट रगात उतरलं. मग त्याच सुईला बाटली लागली, हळूहळू. कौसल्याचा गाल बिजलीच्या मानंला टेकलेला. ती काय बोलत व्हती ते कुणाला ऐकू आलं न्हाय. बिजलीला तेवढं आलं आसंल.

बाटली निम्म्याच्या खाली आली आन् बिजलीच्या अंगाला कापरं भरलं. मानसिंग तोंड फिरवून उभा राहिला. डॉक्टर म्हणले, "कापू द्या, चांगलं हाय ते." मग तिनं ढेकर दिली. शेण टाकलं. मागले पाय आधी उचलले, लटपटली, आन् उभी राहिली. खोंडाकडं बघून हंबरली.

कौसल्या बसूनच राहिली. मानसिंगनं हात दिला तर म्हणली, "मला नगं. खोंडाला पाजायला घ्या."

ती नळी वसंत डॉक्टरांनी बर्फात घालून बारामतीला पोचवली. पुढं मॅडम सोता आल्या आन् कौसल्याच्या ओसरीवर बसून चहा पेत सांगितलं. पावडर नसलेल्या गोठ्यांत रगातातलं कॅल्शियम व्याल्यावर पार खाली गेलं व्हतं, पावडरवाल्या गोठ्यांत तेवढं गेलं न्हाय. बिजलीची नळी सगळ्यांत खालची. बिजलीसारख्या बसलेल्या गाया जवळजवळ सगळ्या बिनपावडरच्या गोठ्यातल्या. आता सायेब मानले. आता सगळ्या वस्तीला, सगळ्या गोठ्यांना पावडर. मॅडम म्हणल्या, "काकू, बिजलीला काही झालं असतं तर मला झोप लागली नसती."

"मला कुठं लागली," कौसल्या म्हणली. "पण परत तसंच केलं असतं."

ढवळीच्या खुंट्याला आता तिनं ढवळीचीच कालवड बांधलीया. मोठी झालीया, गाभण हाय. तिच्या पाटीत पावडर पडती, आन् तिच्या शेजारणीच्या पाटीतबी तेवढीच.

एवढी साधी गोष्ट. पण निमगावच्या बाजारात दीपक सांगत फिरतोय, की कौसल्यानं मॅडमचं काम बुडवलं, मग रडून माफी मागितली, आन् पावडर आली ती चेरमनमुळं. म्हणून लिहून घेतलं. जो कुणी हे वाचंल, त्येनं माझं एवढं काम करायचं. बाजारच्या दिवशी दीपक डेअरीम्होरच्या चहाच्या गाड्यावर असतोय. त्येला सांगा, कौसल्या रडली ती बिजली उठल्यावर, आन् माफी तिनं मागितली न्हाय. आन् त्येच्या आईलाबी सांगा, जरा मोठ्यानं सांगा, की म्हशीची गोष्ट वस्तीवर अजून सगळ्यांना ध्यानात हाय.