थंड हवेची नळी

वाळूजला नवे कारखाने भराभर उभे राहत होते, तेव्हा मी तिथं एका कारखान्यात सुपरवायझर होतो. छावणीतल्या एका निवृत्त मेजरसाहेबांकडून मी दोन दारांची जुनी बुटकी गाडी घेतली होती. स्पोर्ट्स मॉडेल आहे, असं त्यांनी तीनदा सांगितलं. खरंच असावं, कारण तिच्यातून उतरायला दुसऱ्याचा हात लागायचा. चढावर मात्र दुधाचे कॅन लटकवलेली मोपेड तिला मागं टाकायची.

आमच्या टूलरूममधला टर्नर माझा दोस्त. त्यानं एकदा बॉनेट उघडून बराच वेळ नुसतं ऐकलं.

"साहेब, हिचं नाक चोंदलंय. इंजिनाची गरम हवाच परत ओढतीय. पुढून दिव्याजवळून थंड हवा दिली तर पळंल."

भंगारातल्या अॅल्युमिनियमच्या नळीला त्यानं बाक दिला आणि तोंडाला स्पंजचा फिल्टर बसवला. हा माणूस विद्यापीठाच्या नामांतरासाठी एकदा तुरुंगात जाऊन आलेला. माझ्या वैजापूरच्या घरी नामांतराचा विषय निघाला की ताटं अर्धी राहायची. आम्ही दोघं त्यावर बोलायचं टाळायचो. कार्बोरेटरवर मात्र तासन्‌तास बोलायचो.

सुट्टीच्या सकाळी नगर रस्त्यावर चाचणी ठरली. कोणता कामगार किती सेकंदात बोल्ट आवळतो हे मोजणाऱ्या साहेबांचं स्टॉपवॉच मी मागून आणलं. टर्नरनं ते मोठ्या खुशीत हातात घेतलं. "आजवर यानं मला मोजलं. आज मी मोजतो."

आधी फिल्टरच्या जुन्या डब्यावर, एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत: बावन्न सेकंद. मग नळी बसवली आणि निघालो. गाडी अशी डरकाळली की शेतातल्या शेळ्या बांधापलीकडं पळाल्या. "एकोणपन्नास!" टर्नर ओरडला, आणि त्याच क्षणी पुढं काठी आडवी आली.

नामांतराचा मोर्चा तोंडावर होता, म्हणून रस्त्यावर पोलिसांचा बंदोबस्त होता. जमादारांनी बॉनेट उघडायला लावलं आणि नळी पाहून दोन पावलं मागं सरकले.

"हे काय हाय?"

"हवा घ्यायची नळी," मी म्हणालो.

"हवा तर फुकट हाय की. तिला नळी कशाला?"

टर्नरनं त्यांना सगळं समजावलं. जमादारांनी विचार केला आणि शेजारच्या जीपकडं बोट दाखवलं. "मग हिला बघा. तिसऱ्या गिअरमधीच बसकण मारती."

टर्नरनं जीपच्या फिल्टरचं भांडं काढलं. तळाच्या तेलाचा चिखल झाला होता. माझी गाडी तेल पिणारी, त्यामुळं डिकीत तेलाचा डबा कायमचा. भांडं पुसून त्यानं नवं तेल भरलं. जमादार एक चक्कर मारून आले ते हसतच.

"लई झकास! उद्या मोर्चा हाय, कामाला येईल."

"मोर्चात मी हाय ना," टर्नर शांतपणे म्हणाला.

जमादारांनी एकदा जीपकडं, एकदा टर्नरकडं पाहिलं. मग म्हणाले, "आता काय करता? तेल तर तुम्हीच घातलं."

दुसऱ्या दिवशी मोर्चेकऱ्यांना धरलं त्यात टर्नरही होता. मी शिफ्ट संपवून जेवणाचा डबा घेऊन ठाण्यावर गेलो. तो तिथं आणि मी कामावर, हे मला दिवसभर टोचत होतं. मला पाहताच तो उठून आला.

"साहेब, त्याच जीपमधून आणलं. पिकअप एकदम फस्क्लास!"

त्यानं डबा उघडला आणि शेजारच्या दोघांना हाक मारली. "मोजणी परत करावी लागंल," चपाती मोडत तो म्हणाला. "काल दुसऱ्या फेरीला वारा मागून सुटला होता."

तो सुटल्यावर आम्ही परत मोजलं, दोन्ही दिशांनी. एक्कावन्न आलं. नळीनं सेकंद एकच वाचवला होता, पण आवाज तिपटीनं वाढवला होता. टर्नर म्हणाला काढून टाकू. मी काढू दिली नाही.